पावसाची तारीख कशी चुकली: डिव्हाइस ट्रीमध्ये सीरियल बस मांडताना

(परतूर इथे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं थोडक्यात घेतली आहेत.)

फळ्यावर मी दोन आकडे लिहिलेत, ७३ आणि ४६.६. दोन्ही मिलिमीटर. दोन्ही एकाच शेतातले आणि एकाच रात्रीच्या पावसाचे. पहिला आकडा एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याच्या वहीतला. ते साधं पर्जन्यमापक ठेवतात आणि रोज सकाळी साडेआठला मापात पाणी ओतून वहीत लिहितात. दुसरा आकडा त्याच बांधावर आम्ही बसवलेल्या स्वयंचलित डब्याचा.

इथे बसलेल्यांना हे दोन आकडे का टोचतात ते सांगायला नको. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, खाली राहिला तर नुसता पाऊस. मोसंबीचा हवामान आधारित विमाही केंद्राच्या नोंदीवरच चालतो. परतूर असो, वाटूर असो, आष्टी असो, मंडळातल्या यंत्राने जे लिहिलं ते पडलं. ७३ म्हणजे पासष्टच्या वर आणि ४६.६ म्हणजे खाली. आमचा डबा अधिकृत नव्हता, शिकण्यासाठी बसवला होता, त्यामुळे कुणाचे पैसे बुडाले नाहीत. पण मला त्या रात्रीनंतर दोन दिवस झोप लागली नाही, कारण चूक माझी होती. आणि ती एका मजकुराच्या फाइलमध्ये होती. आजचं सगळं बोलणं त्या फाइलबद्दल आहे.

आधी डबा कसा आहे ते सांगतो. आत बीगलबोन ब्लॅक नावाचा बोर्ड, त्यावर आम्हीच बांधलेली आटोपशीर लिनक्स. बाहेर हेलकावणाऱ्या पात्राचं पर्जन्यमापक. त्यात दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी नळीखाली येते. एक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर. शिवाय हवेचा दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारी चिप, आणि घड्याळाची चिप, डीएस३२३१, तिच्यासोबत बटण-बॅटरी. घड्याळ कशाला? पाऊस नुसता मोजून भागत नाही, कोणत्या दिवशीचा ते लागतं. आपल्याकडे पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. तारीख हुकली की पाऊस दुसऱ्याच दिवसाच्या खात्यात जातो.

आता ही घड्याळाची चिप बोर्डाशी बोलते कशी? दोन तारांवरून. एक तार ठेका देते, दुसरीवरून माहिती जाते. या पद्धतीला आय-टू-सी म्हणतात. फिलिप्स कंपनीने ती १९८२ मध्ये काढली, दूरचित्रवाणी संचातल्या चिपा एकमेकांशी जोडायला वगैरे. दोन तारांवर कितीही जण बसवा, फक्त प्रत्येकाला वेगळा क्रमांक हवा. क्रमांक सात बिटांचा, म्हणजे १२८ जागा. त्यातल्या १६ राखीव, उरल्या ११२.

हे चालतं अगदी शाळेतल्या हजेरीसारखं. कंट्रोलर म्हणजे गुरुजी. गुरुजी क्रमांक पुकारतात, ज्याचा आहे तो 'हजर' म्हणतो, बाकीचे गप्प. घड्याळाच्या चिपेचा क्रमांक हेक्समधला सहा-आठ. त्याला अडुसष्ट म्हणू नका, आपल्या मोजणीत तो एकशे चार होतो. पण गंमत बघा, 'हजर' एवढंच उत्तर येतं. नाव सांगत नाही कुणी. सहा-आठ क्रमांकावर डीएस३२३१ घड्याळ बसतं, जुनं डीएस१३०७ घड्याळ बसतं, आणि एमपीयू-६०५० नावाचा हालचाल मोजणारा सेन्सरही बसतो. तिघेही सारख्याच आवाजात 'हजर' म्हणतात. तुमच्यापैकी ज्यांनी आयटूसी-डिटेक्ट चालवून पडद्यावर ६८ बघितलंय, त्यांनी फक्त 'त्या बाकावर कुणीतरी आहे' एवढं बघितलंय.

यूएसबीचं तसं नसतं. तुम्ही पेनड्राइव्ह लावला की तो स्वतःची ओळख सांगतो, कोणत्या कंपनीचा, कोणत्या प्रकारचा. संगणकातल्या पीसीआय कार्डाचंही तसंच. पण आय-टू-सी, एसपीआय, साधं सीरियल, हे सगळे मुके. म्हणून लिनक्सच्या कर्नलला बाहेरून कुणीतरी सांगावं लागतं की या बोर्डावर अमुक कंट्रोलर आहे, त्याच्या तारांवर अमुक क्रमांकाला अमुक चिप आहे.

पूर्वी हे सांगणं थेट कर्नलच्या सी भाषेतल्या कोडमध्ये लिहिलेलं असायचं. प्रत्येक बोर्डाला वेगळी फाइल. एआरएम प्रोसेसरचे बोर्ड वाढत गेले तसा तो पसारा इतका झाला की २०११ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्सने त्यावरून जाहीर वैताग व्यक्त केला. उपाय मात्र जुनाच निघाला. सनच्या आणि पॉवरपीसीच्या यंत्रांत ओपन फर्मवेअर नावाची पद्धत होती, १९९४ मध्ये तिचं आयईईईने मानक केलेलं होतं. त्यात यंत्राचं वर्णन झाडाच्या रूपात असायचं. तेच झाड एआरएमवर आणलं. डिव्हाइस ट्री. वाचता येईल असा मजकूर एका फाइलमध्ये लिहायचा, डीटीसी नावाच्या आज्ञेने त्याची आटोपशीर बायनरी करायची, आणि सुरू होताना बूटलोडर ती कर्नलच्या हातात देतो. एवढाच प्रवास.

मला विचाराल तर डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा. हसू नका, खरंच तसं आहे. सातबाऱ्यावर काय असतं? गट नंबर, क्षेत्र, कुणाच्या ताब्यात, काय पीक, विहीर आहे का. सातबारा शेत नांगरत नाही. तो फक्त काय आहे ते सांगतो, आणि बँक, विमा, सरकार सगळे त्याच्यावर विसंबून पुढचं ठरवतात. शेतात विहीर नसली आणि सातबाऱ्यावर असली तर काय होतं हे मी तुम्हाला काय सांगणार!

तर कंट्रोलरची नोंद बघू. आमच्या बोर्डातल्या चिपेत तीन आय-टू-सी कंट्रोलर आहेत, शून्य, एक आणि दोन. दोन नंबरच्याची नोंद घ्या. नोंदीचं नाव 'आयटूसी', मग ॲट चिन्ह, मग पत्ता ४८१९सी०००. हा प्रोसेसरच्या मेमरीतला पत्ता. आत 'रेग' नावाची ओळ, तीत दोन आकडे: तोच पत्ता आणि लांबी, हेक्स १०००, म्हणजे ४०९६ बाइट. गट नंबर आणि क्षेत्र, झालं की नाही! नवीन कर्नलच्या फायली उघडल्यात तर हा पूर्ण पत्ता एका जागी दिसणार नाही. तिथे वरच्या एका नोंदीच्या आत आतला पत्ता असतो, वाड्यातल्या खोलीसारखा, आणि 'रेंजेस' ही ओळ वाड्याचा पत्ता सांगते. गोंधळू नका, बेरीज केली की तेच येतं.

मग 'कम्पॅटिबल'. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. कोणत्या जातीचा कंट्रोलर ते इथे लिहितात, आधी कंपनीचं लघुरूप, मग स्वल्पविराम, मग मॉडेल. कर्नलमधला प्रत्येक ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या नावांची यादी घेऊन बसलेला असतो. नाव जुळलं की तो ही नोंद उचलतो. एक अक्षर चुकलं की कुणीच उचलत नाही, आणि बहुतेक वेळा ओरडतही नाही. शांतता. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त तास या शांततेत जातात.

पुढे 'इंटरप्ट्स', 'क्लॉक-फ्रीक्वेन्सी'. दुसरी म्हणजे बसचा वेग, एक लाख किंवा चार लाख हर्ट्झ. घाईघाईत लोक चार लाख लिहितात. तारा लांब असतील तर एक लाखच ठेवा. तारांना आणि चिपांना मिळून विद्युतधारिता असते, मानकात तिची मर्यादा ४०० पिकोफॅरड आहे. तारा वर ओढणारे रोधक असतात, बहुतेक ४.७ किलोओहमचे; धारिता वाढली की तार वर यायला उशीर लागतो आणि गुरुजींना 'हजर' ऐकू येत नाही. आय-टू-सी ही एका डब्याच्या आतली भाषा आहे. बांधावरून विहिरीपर्यंत केबल ओढून ती चालवायचा हट्ट करू नये. मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर शंभर मीटरवर असेल तर आरएस-४८५ घ्या. त्याची नोंद सीरियल कंट्रोलरखाली होते, आणि बोलायच्या दिशेची पिन कुणी हलवायची ते तिथे एका ओळीत लिहिता येतं. त्यावर आज जास्त बोलत नाही.

आणि 'स्टेटस'. हिच्यामुळे मी पहिल्या महिन्यात खूप घाम गाळला. चिप बनवणारी कंपनी तिन्ही कंट्रोलरांची नोंद एका सामाईक फाइलमध्ये लिहून ठेवते, पण 'स्टेटस'पुढे 'डिसेबल्ड'. कारण चिपेत कंट्रोलर आहे म्हणून बोर्डावर त्याच्या तारा बाहेर काढलेल्या असतीलच असं नाही. बोर्डवाल्याने आपल्या फाइलमध्ये तीच नोंद पुन्हा उघडून 'ओके' लिहायचं. म्हणजे सामाईक फाइल हा मूळ उतारा आणि बोर्डाची फाइल हा फेरफार. फेरफार मंजूर नाही तर कंट्रोलर कागदावर आहे, कसायला कुणी नाही.

'ओके' लिहून पुरत नाही, पिनाही सांगाव्या लागतात. एकाच पिनेला पाच-सात कामं येतात. याच बोर्डाच्या पी९ कडेवर १७ आणि १८ नंबरच्या पिना आहेत. त्या एक नंबरच्या आय-टू-सीच्या तारा होऊ शकतात, किंवा एसपीआयच्या. 'पिनकंट्रोल'च्या ओळींत निवड लिहायची. दोन्हींनी एकाच पिनेवर हक्क सांगितला तर कर्नल दुसऱ्याला नकार देतो आणि नोंदवहीत तसं स्पष्ट लिहितो. असली ओरडणारी चूक मला आवडते. ती सापडते.

आता पोटनोंद. कंट्रोलरच्या नोंदीच्या आत घड्याळाची नोंद. तिच्यातही 'रेग' आहे, पण इथे एकच आकडा, सहा-आठ. क्षेत्र नाही. का? कारण हा मेमरीतला पत्ता नाहीच, हा हजेरीचा क्रमांक. म्हणून कंट्रोलरच्या नोंदीत दोन ओळी असतात: 'ॲड्रेस-सेल्स' एक, 'साइज-सेल्स' शून्य. माझ्या पोटातल्या नोंदींना गट नंबर आहे, क्षेत्र नाही, असं तो सांगतो. ही ओळ बघितली की 'रेग'चा अर्थ जागेनुसार बदलतो हे डोक्यात पक्कं बसतं.

क्रमांकाबद्दल एक सापळा सांगून ठेवतो. काही डेटाशीटांत या घड्याळाचा पत्ता डी० आणि डी१ असा दिलेला असतो, लिहायला एक, वाचायला एक. तो आठ बिटांचा आकडा, शेवटचा बिट वाचू की लिहू ते सांगणारा. लिनक्सला सात बिटांचा हवा. डी०चं निम्मं करा, सहा-आठ येतं.

आणि 'कम्पॅटिबल'मध्ये काय लिहायचं? इथे मला थोडं थांबायचंय. डीएस३२३१च्या जागी कुणी डीएस१३०७ लिहिलं तर काय होईल? दोघांचा क्रमांक एक, दोघांची तास-मिनिटं-तारीख ठेवायची मांडणी जवळपास एक, लिनक्समध्ये दोघांना सांभाळणारा ड्रायव्हरही एकच. म्हणजे चालेल! वेळ बरोबर दिसेल. सहा महिने दिसेल. पण डीएस३२३१मध्ये एक खूण असते, 'मी मध्येच थांबले होते' असं सांगणारी. बटण-बॅटरी संपली आणि वीजही गेली की ती खूण उभी राहते. नाव बरोबर लिहिलेलं असेल तर ड्रायव्हर ती खूण तपासतो आणि 'या वेळेवर विश्वास ठेवू नका' म्हणतो. नाव चुकीचं असेल तर तो दुसऱ्या चिपेची खूण दुसऱ्या जागी शोधतो, ती सापडत नाही, आणि थांबलेल्या घड्याळाची वेळ खरी मानून पुढे जातो. जवळपास बरोबर वर्णन हे उघड चुकीच्या वर्णनापेक्षा वाईट, असं माझं मत झालंय.

बाजारातही असं होतं. बीएमई२८० म्हणून घेतलेली पट्टी कधी कधी बीएमपी२८० निघते. दिसायला एक, क्रमांक एक, हेक्स ७६ किंवा ७७. पण दुसरीत आर्द्रता मोजायची सोयच नाही. तिच्या आत ओळखीचा आकडा असतो, पहिलीत हेक्स ६०, दुसरीत ५८. सेन्सर आल्याबरोबर तो आकडा वाचून घ्या, मग सातबाऱ्यावर चढवा.

एसपीआयबद्दल दोन मिनिटं. ही पद्धत मोटोरोलाची. इथे हजेरीचा क्रमांक नाही. प्रत्येक चिपेला स्वतंत्र तार, चिप सिलेक्ट. जिची तार खाली ओढली तिने बोलायचं. म्हणून इथे 'रेग' म्हणजे कितवी तार, शून्य, एक, दोन. 'हजर' म्हणायची पद्धतच नाही! समोर कुणी नसलं तरी कंट्रोलर सुखाने शून्यं किंवा एफएफ वाचत बसतो. शिवाय ठेक्याच्या चढत्या काठावर वाचायचं की उतरत्या, याचे चार प्रकार आहेत आणि ते दोन ओळींनी सांगतात. पीटी-१०० तापमापकासाठी मॅक्स३१८६५ ही चिप वापरतात, तिला त्यातली 'सीपीएचए'ची ओळ लागते. ती विसरलात तर वाचन एखाद्या बिटाने सरकू शकतं, आणि एका बिटाने सरकणं म्हणजे आकडा दुप्पट किंवा निम्मा. ४० अंशांचे ८० झाले तर कळेल. पण आर्द्रतेचे ८० चे ४० झाले तर?

बरं. आता पुन्हा त्या रात्रीकडे.

सप्टेंबर महिना. संध्याकाळपासून पाऊस. मध्यरात्रीनंतर वारा सुटला. बॅटरीच्या टर्मिनलवरचा स्क्रू मी नीट आवळला नव्हता. वाऱ्याने खांब हलला, क्षणभर वीज तुटली, परत आली. डबा मिनिटभरात पुन्हा सुरू झाला आणि वाट्या मोजायला लागला. तोवर २३३ वेळा वाटी कलंडली होती, ४६.६ मिलिमीटर. त्यानंतर सकाळपर्यंत आणखी १३१ वेळा, २६.२ मिलिमीटर. बेरीज ७२.८. वहीतले ७३ बघा. मोजणी चोख होती!

मग सर्व्हरवर ४६.६ का? कारण ते १३१ कलंडणं डब्याने १ जानेवारी २००० या तारखेला लिहिलं होतं. साडेआठ ते साडेआठची बेरीज करणारा सर्व्हर बिचारा त्या दिवसाच्या नोंदी शोधतो. त्याला पहिल्या भागातल्याच मिळाल्या.

पहिला संशय घड्याळावर. बटण-बॅटरी मोजली, तीन व्होल्ट, ठणठणीत. चिपेला विचारलं, वेळ सेकंदापर्यंत बरोबर. सातबारा तपासला: क्रमांक सहा-आठ, नाव डीएस३२३१, कंट्रोलर दोन, पिना १९ आणि २०, 'स्टेटस' ओके. सगळं जागेवर. बरोबर वेळ सांगणारं घड्याळ डब्यात असताना डबा सन २०००मध्ये उठला होता.

तासाभराने कर्नलची सुरुवातीची नोंदवही ओळ न् ओळ वाचली तेव्हा दिसलं. डब्यात दोन घड्याळं होती. एक मी लावलेलं, आणि एक प्रोसेसरच्या पोटातलं, मूळ उताऱ्यातच असलेलं, पत्ता ४४ई३ई०००. या बोर्डावर त्या पोटातल्या घड्याळाला वेगळी बॅटरी नाही. वीज तुटली की ते १ जानेवारी २००० वर जातं. कर्नल घड्याळांना सापडतील त्या क्रमाने नंबर देतो. पोटातलं आधी सापडलं, ते झालं शून्य. माझं आय-टू-सीच्या पलीकडे. आधी कंट्रोलर उभा राहणार, मग बस, मग हजेरी, मग ते. म्हणून ते झालं एक. आणि सुरू होताना यंत्राची वेळ लावायला कर्नल बघतो शून्य नंबरकडे.

हे आधी का नाही कळलं? कारण माझ्या टेबलावर इंटरनेट होतं. डबा उठायचा सन २०००मध्येच, पण दहा सेकंदांत नेटवरून वेळ यायची आणि सगळं सरळ व्हायचं. त्या रात्री मोबाइलच्या टॉवरचीही वीज गेलेली होती. नेट सकाळी नऊनंतर आलं.

जुन्या बीगलबोनवाल्यांना ही जात ओळखीची वाटेल. ३.८ आवृत्तीच्या कर्नलच्या काळात दोन नंबरचा आय-टू-सी कंट्रोलर प्रणालीत एक नंबरने दिसायचा, कारण खरा एक नंबर बंद होता आणि मोजणी सापडतील तशी. रास्पबेरी पायच्या पहिल्या बोर्डांवर कडेच्या पिनांवर शून्य नंबरची बस होती, दुसऱ्या आवृत्तीत एक नंबरची आली, आणि लोकांचे चालते प्रोग्राम बसले. नंबर हा स्वभाव नाही, रांगेतली जागा आहे. रांग बदलली की तोही बदलतो.

उपाय डिव्हाइस ट्रीमध्येच आहे. झाडाच्या मुळाशी 'एलियासेस' नावाची नोंद असते. तिथे दोन ओळी लिहिल्या: आरटीसी शून्य म्हणजे आय-टू-सीवरचं घड्याळ, आरटीसी एक म्हणजे पोटातलं. आता कुणीही आधी सापडो, शून्य ही जागा राखीव. बस, दोन ओळी.

मला वाटलं होतं पोटातल्या घड्याळाला सरळ 'डिसेबल्ड' लिहावं, कटकट मिटेल. तसं केलं आणि डबा बंद करायला गेलो तर तो पूर्ण बंदच होईना. पुन्हा मूळ फाइल वाचली. त्या घड्याळाच्या नोंदीत एक छोटी ओळ आहे, 'सिस्टीम-पॉवर-कंट्रोलर'. या बोर्डावर बंद होण्याचा इशारा वीज सांभाळणाऱ्या चिपेला त्या घड्याळातूनच जातो. इतर हक्कातली नोंद न वाचता गट विकत घेतल्यासारखं झालं. म्हणून 'डिसेबल्ड' काढलं, एलियास ठेवले.

यावर काही जाणकार नाक मुरडतात. म्हणतात, डिव्हाइस ट्रीने फक्त हार्डवेअर सांगावं; कोणतं घड्याळ आधी वापरावं हा प्रोग्रामचा निर्णय, तो इथे कशाला? तत्त्व मला मान्य आहे. पण 'या बोर्डावर बॅटरी कोणत्या घड्याळामागे आहे' ही हार्डवेअरचीच गोष्ट आहे, आणि ती फक्त बोर्ड बनवणाऱ्यालाच ठाऊक असते. मग तिने सातबाऱ्यावर यायला नको? मी एलियासच्या बाजूने आहे.

तपासणीची माझी पद्धतही बदलली. आता नवा डबा शेतावर जायच्या आधी नेट काढतो, वीज ओढतो, दहा मिनिटं थांबतो, वीज लावतो, आणि पडद्यावर तारीख बघतो. शिवाय नोंद लिहिणाऱ्या प्रोग्रामला सांगितलंय की वर्ष २०२० च्या आधीचं दिसलं तर वेळेपुढे संशयाची खूण कर, पण वाटीचा आकडा सोडू नको. डब्याने प्रत्यक्षात कोणतं झाड वाचलंय ते चालत्या प्रणालीत 'प्रॉक' खालच्या 'डिव्हाइस-ट्री' या फोल्डरमध्ये दिसतं. आपण लिहिलेलं झाड आणि त्याने वाचलेलं झाड कधी कधी वेगळं निघतं, जुनी बायनरी राहिलेली असते. तेही एकदा बघून घ्या.

प्रश्न घेऊया.

(प्रश्न: आर्डुइनोवर यातलं काहीच लागत नाही. तिथे हाच सेन्सर पाच मिनिटांत चालतो. मग एवढा खटाटोप का?)

चालतो, कारण क्रमांक तुम्ही प्रोग्राममध्येच लिहिलेला असतो. वर्णन तिथेही आहे, ते कोडमध्ये विरघळलंय. एक डबा असेल तर उत्तमच. उद्या वीस डबे, तीन प्रकारचे बोर्ड, दोन प्रकारचे सेन्सर झाले की प्रोग्रामच्या वीस प्रती होतात आणि कोणती कुठे ते लक्षात राहत नाही. म्हणून झेफिर नावाच्या प्रणालीने लहान मायक्रोकंट्रोलरांसाठीही डिव्हाइस ट्रीच घेतलं. फरक इतकाच की तिथे ते चालताना वाचत नाहीत, प्रोग्राम बांधतानाच त्यातून आकडे काढून घेतात.

(प्रश्न: चुकीचं लिहिलं तर बोर्ड जळतो का?)

घड्याळ, सेन्सर यांच्या नोंदीने सहसा नाही. गप्प बसतील, इतकंच. पण शून्य नंबरच्या आय-टू-सीला हात लावू नका. या बोर्डावर त्या बसवर हेक्स २४ क्रमांकाला वीज सांभाळणारी चिप आहे. तिच्या पोटनोंदींत कोणत्या भागाला किती व्होल्ट द्यायचे ते लिहिलेलं असतं. तिथला आकडा चुकला तर कर्नल तो इमानदारीने अंमलात आणतो. आपल्या चिपा दोन नंबरवर लावा.

(प्रश्न: इंग्रजी पुस्तकात मास्टर-स्लेव्ह असतं, तुम्ही कंट्रोलर म्हणता. एकच का?)

एकच. २०२१ च्या आय-टू-सी मानकात शब्द बदलून कंट्रोलर आणि टार्गेट केले. जुन्या डेटाशीटांत जुनेच शब्द दिसतील.

(प्रश्न: त्या रात्रीच्या चुकीच्या नोंदी दुरुस्त केल्या का?)

नाही केल्या. करता आल्या असत्या. डबा कधी उठला ते सर्व्हरच्या शेवटच्या संपर्कावरून साधारण कळतं, तेवढी वेळ मिळवली की झालं. पण त्या मुद्दाम तशाच ठेवल्यात. सर्व्हरवर आजही १ जानेवारी २००० ला परतूरजवळच्या एका मोसंबीच्या बागेत २६.२ मिलिमीटर पाऊस पडलेला आहे. नवीन मुलगा शिकायला आला की मी त्याला आधी तो दाखवतो आणि विचारतो, शोध बाबा, का पडला. वहीतल्या त्या पानाचा फोटो आणि डबा दोन्ही मागच्या टेबलावर ठेवलेत. ज्यांना फाइल उघडून बघायचीय त्यांनी तिकडे या, लॅपटॉप चालू आहे.